राउटरची मालकी आणि एक परवाना

घरात इंटरनेट घेतले की तारेबरोबर एक पेटीही येते. घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही आणि कॅमेरे तिच्यातूनच बाहेरच्या जगाशी बोलतात. ही पेटी, म्हणजे राउटर, हा एक छोटा संगणकच आहे. त्याला प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि त्यावर एक ऑपरेटिंग सिस्टिम रात्रंदिवस चालू असते. या संगणकात कोणता प्रोग्राम चालावा, त्यातल्या चुका कोणी आणि किती वर्षे दुरुस्त कराव्यात, त्याची कोणती दारे उघडी असावीत, हे ठरवायचे कोणी? आज अनेक कंपन्यांच्या शेकडो मॉडेलांवर मूळ प्रोग्राम काढून ओपनडब्ल्यूआरटी नावाची मुक्त प्रणाली बसवता येते, आणि मग हे निर्णय घरमालक स्वतः घेऊ शकतो. ही सोय तंत्रज्ञान पुढे गेले म्हणून आपोआप आली, असा एक समज आहे. एखाद्या कंपनीने ती औदार्याने दिली, असा दुसरा. इतिहास पाहिला तर दोन्ही समज टिकत नाहीत. ही सोय एका परवान्यातल्या अटीमुळे आली, आणि ती अट वाचून तिच्या अंमलबजावणीसाठी हटून बसलेल्या माणसांमुळे आली. म्हणूनच ती कायमची नाही. मागितली तरच टिकते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या घरांत केबल आणि डीएसएलची जोडणी येऊ लागली. जोडणीबरोबर पत्ता एकच मिळे, घरात संगणक मात्र दोन-तीन झालेले असत. यावरची तोड आधीच मांडली गेली होती. इंटरनेटचे पत्ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी वाटेत पत्ते बदलून देण्याची पद्धत, म्हणजे नॅट, लेखी स्वरूपात मांडली. तिच्यात पुढे भर पडत गेली आणि आतली सगळी यंत्रे खासगी पत्त्यांवर ठेवून बाहेर एकाच सार्वजनिक पत्त्याने जाणे शक्य झाले. हे काम करणारी स्वस्त पेटी घरोघर विकता येईल हे ज्यांनी वेळेवर ओळखले, त्यांत व्हिक्टर आणि जेनी त्साओ या दांपत्याने १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथे सुरू केलेली लिंकसिस ही कंपनी होती. या धंद्यात नगामागे नफा थोडा, त्यामुळे प्रत्येक सुट्या भागाची किंमत कापावी लागे. पेटीत जी ऑपरेटिंग सिस्टिम घालायची तिच्यासाठी नगामागे पैसे मोजणे जड जाई. जानेवारी २००१ मध्ये लिनक्स कर्नलची २.४ ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात नेटफिल्टर नावाचा भाग होता. नॅट आणि फायरवॉल ही राउटरची दोन्ही मुख्य कामे तो करत होता, आणि त्यासाठी नगामागे एक पैसाही द्यायचा नव्हता. लिनक्स राउटरमध्ये शिरले ते असे, खर्चाच्या हिशोबातून. स्वातंत्र्याचा विचार त्यामागे कोणीच केलेला नव्हता.

डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिसने डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आणला. निळ्या-काळ्या रंगाची, मागे दोन अँटेना असलेली ही पेटी. पहिल्या आवृत्तीत ब्रॉडकॉमचा १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ एमबी रॅम आणि ४ एमबी फ्लॅश मेमरी होती. ज्या ८०२.११जी या मानकानुसार ती सेकंदाला ५४ मेगाबिटचा वेग देणार होती, त्याला अंतिम मान्यता मिळाली ती जून २००३ मध्ये. राउटर आधीच मसुद्याच्या भरवशावर विकला जात होता. मार्च २००३ मध्ये सिस्को या बलाढ्य नेटवर्क कंपनीने लिंकसिस सुमारे ५० कोटी डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. या सगळ्या धामधुमीत पेटीतला प्रोग्राम कुठून आला आणि कोणत्या अटींवर आला, याकडे विक्रेत्याचे लक्ष नव्हते. खोक्यात सोर्स कोड नव्हता, आणि तो मागितल्यास मिळेल असे लिहिलेला कागदही नव्हता.

त्या अटी काय होत्या, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यांच्यावरच उभा आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९२ मध्ये लिनक्स कर्नलसाठी जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, हा परवाना स्वीकारला. त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ ची. हा परवाना प्रोग्राम वापरायला, बदलायला आणि विकायलाही मुभा देतो आणि त्याबदल्यात एक गोष्ट मागतो. चालू स्थितीतला प्रोग्राम ज्याच्या हाती द्याल, त्याला त्याचा सोर्स कोडही द्या, किंवा किमान तीन वर्षे मागेल त्याला देऊ असे लेखी कळवा. सोर्स कोडमध्ये नुसता मजकूर येत नाही. तो प्रोग्राम बांधण्यासाठी आणि बसवण्यासाठी वापरलेल्या स्क्रिप्टही त्यात धरलेल्या आहेत. ही अट न पाळणाऱ्याचा परवाना संपतो, आणि मग त्याने केलेले वितरण म्हणजे सरळसरळ कॉपीराइटचा भंग ठरतो. सोर्स कोड देणे ही त्या प्रोग्रामची किंमतच होय. ती फक्त पैशात मोजायची नसते, एवढाच फरक.

ही किंमत चुकवलेली नाही, हे कुठल्या कायद्याच्या पेढीच्या लक्षात आले नाही. ७ जून २००३ रोजी अँड्र्यू मिकलस यांनी लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्यांपुढे जाहीरपणे मांडले की, डब्ल्यूआरटी५४जीसाठी कंपनी जी फर्मवेअरची, म्हणजे पेटीतल्या प्रोग्रामची, फाइल देते तिच्यात लिनक्स आणि इतर जीपीएलखालचे प्रोग्राम आहेत, पण त्यांचा सोर्स कोड कुठे दिलेला नाही. फाइल कोणालाही उतरवून घेता येत होती. उघडून पाहण्याचे कष्ट घेणारा माणूस तेवढा हवा होता. त्यानंतर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पुढाकार घेतला आणि कंपनीशी बोलणी सुरू झाली. उल्लंघनाची साखळी लांब निघाली. सिस्कोने लिंकसिस विकत घेतली होती, लिंकसिसने चिप ब्रॉडकॉमकडून घेतली होती, आणि त्या चिपसाठीचे सॉफ्टवेअरचे काम तैवानच्या सायबरटॅनकडे गेले होते. ऑक्टोबर २००३ मध्ये फोर्ब्ज नियतकालिकात डॅनियल लायन्स यांनी फाउंडेशनच्या या पवित्र्यावर टीका केली. त्या टीकेमागचा प्रश्न गैर नव्हता. जिने कोड लिहिला नाही, लिहून घेतलाही नाही, नुसती कंपनी विकत घेतली, तिला जबाबदार का धरायचे? याचे उत्तर धंद्याच्या साध्या नीतीत आहे. राउटरमध्ये भेसळीचा विद्युत भाग निघाला असता तर पुरवठादार तिसराच होता असे सांगून विक्रेता सुटला नसता. परवाना हाही मालाचाच एक भाग आहे, आणि जो शेवटी ग्राहकाकडून पैसे घेतो त्याने तो तपासला पाहिजे. त्याच वर्षी लिंकसिसने सोर्स कोड प्रसिद्ध केला.

कोड मिळाल्यावर काय झाले ते जरा जवळून पाहू, कारण नुसता कोड हाती येणे पुरेसे नसते. तो पेटीत परत घालताही यावा लागतो. या राउटरच्या व्यवस्थापनाच्या पानांमध्ये एक पान पिंगचे होते. एखादा पत्ता टाकायचा आणि तिथवर संपर्क होतो का ते पाहायचे, एवढेच त्याचे काम. टाकलेला मजकूर ते पान न तपासता थेट आतल्या लिनक्सच्या हवाली करत असे. पत्त्याच्या जागी उलट्या अवतरणचिन्हांत कमांड लिहिली की राउटर ती मुकाट्याने चालवी. जाणत्यांनी या वाटेने आत शिरून बूट_वेट नावाचे एक सेटिंग चालू केले. ते चालू असले की वीज सुरू होताच राउटर पुढे जाण्याआधी काही सेकंद थांबतो, आणि त्या अवधीत टीएफटीपी या साध्या पद्धतीने १९२.१६८.१.१ या पत्त्यावर नवी फर्मवेअर फाइल ढकलता येते. स्वतः बांधलेली फाइल सदोष निघाली आणि राउटर सुरूच होईना, तरी या खिडकीतून जुनी फाइल परत घालून त्याला वाचवता येई. शिवाय नेहमीच्या अपग्रेडच्या पानावर कंपनीची डिजिटल सही तपासली जात नव्हती. फाइलचा मथळा आणि बेरीज जुळली की ती स्वीकारली जाई. म्हणजे परवान्याने कोड दिला, आणि तो आत घालायची वाट कंपनीच्या निष्काळजीपणातून मिळाली. कायद्याने मिळालेले आणि योगायोगाने मिळालेले, हा फरक लक्षात ठेवायला हवा. पुढे अडचण आली ती नेमकी इथेच.

सुरुवातीच्या पर्यायी फर्मवेअरची रीत एकच होती. लिंकसिसचा कोड घ्यायचा, त्यात काही सोयी जोडायच्या आणि सगळे एकत्र बांधून द्यायचे. जेम्स युइंग यांच्या स्वेसॉफ्टने असे केले, आणि तिच्यापासून निघून सेबास्टियन गॉटशाल यांचे डीडी-डब्ल्यूआरटी पुढे आले. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनडब्ल्यूआरटीची सुरुवातही लिंकसिसच्याच कोडपासून झाली, पण तिच्यात एक निराळा विचार होता. मूळ प्रणाली अगदी लहान ठेवायची, फ्लॅश मेमरीचा उरलेला भाग लिहिण्याजोगा करायचा, आणि बाकी सगळे सुट्या पॅकेजांच्या रूपाने द्यायचे, म्हणजे ज्याला जे हवे त्याने तेवढेच बसवावे. ४ एमबीच्या जागेत हे बसवणे सोपे नव्हते. पण या विचारामुळे राउटर ही ठरावीक कामे करणारी वस्तू राहिली नाही, सर्वसाधारण संगणक झाली. घराबाहेरून सुरक्षितपणे आत येण्यासाठी व्हीपीएन, जाहिरातींचे पत्ते गाळणारी डीएनएस सेवा, पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय, लहानशी फाइल-साठवण: आज घरी सर्व्हर चालवणारे जे जे करतात, त्याची पहिली उजळणी अनेकांनी या पेटीवर केली. प्रणाली एका कंपनीच्या कोडला बांधलेली न राहिल्यामुळे ती दुसऱ्या कंपन्यांच्या, दुसऱ्या चिपच्या राउटरवरही नेता आली.

आता पहिला गंभीर आक्षेप. परवान्याला इतके श्रेय कशाला? लोकांना बदलता येणारा राउटर हवा होता, बाजाराने तो दिलाच असता. या युक्तिवादाची परीक्षा बाजारानेच घेतली आहे. २००५ मध्ये डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती आली. बाहेरून ती तशीच दिसे, पण आत लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही बंद प्रणाली होती, रॅम ८ एमबी आणि फ्लॅश २ एमबी. व्हीएक्सवर्क्सला मेमरी कमी लागते, त्यामुळे निम्म्या मेमरीत काम भागले. खोक्यावरचे नाव तेच, आणि आतली मुभा नाहीशी. बाजाराला एकट्याला सोडले तर तो कुठे जातो याचे हे स्पष्ट उदाहरण आहे. त्याच सुमारास लिंकसिसने जुन्या मांडणीचा, लिनक्सवर चालणारा डब्ल्यूआरटी५४जीएल हा वेगळा राउटर विकायला काढला, १६ एमबी रॅम आणि ४ एमबी फ्लॅशचा, आणि त्याला अनेक वर्षे गिऱ्हाईक मिळाले. म्हणजे मागणी खरी होती, हे मान्य. पण ती मागणी निर्माण कशामुळे झाली? दोन वर्षे हजारो लोकांनी तो कोड वाचला, बदलला, वापरला, म्हणून. जे कधी पाहिलेच नाही ते गिऱ्हाईक मागत नाही. आधी परवान्याने दार उघडले, मग त्यातून बाजार तयार झाला.

याच काळात जर्मनीत ही अट न्यायालयात तपासली गेली. नेटफिल्टरच्या लेखकांपैकी हॅराल्ड वेल्टे यांनी जीपीएलचा भंग करणाऱ्या कंपन्यांचा पाठपुरावा सुरू केला. साइटकॉम या कंपनीच्या राउटरमध्ये नेटफिल्टरचा कोड होता, पण सोर्स दिलेला नव्हता. एप्रिल २००४ मध्ये म्युनिकच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीविरुद्ध अंतरिम मनाई हुकूम दिला आणि मे महिन्यात तो कायम केला. हा परवाना म्हणजे सदिच्छेचा कागद आहे, कायद्यापुढे तो टिकणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मिळालेले हे पहिले ठोस उत्तर होते. अमेरिकेत लिंकसिसच्या पुढच्या उत्पादनांवरून तक्रारी चालूच राहिल्या. अखेर डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर खटला भरला. मे २००९ मध्ये तडजोड झाली आणि परवान्यांचे पालन पाहण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमायचे कंपनीने मान्य केले. नोव्हेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या न्यायालयापुढे आणखी नाजूक प्रश्न आला. फ्रिट्झबॉक्स राउटर बनवणारी एव्हीएम ही कंपनी म्हणत होती की, मुलांसाठी इंटरनेट गाळणारे सायबिट्सचे सॉफ्टवेअर आमच्या राउटरच्या फर्मवेअरमध्ये बदल करते, ते थांबवा. वेल्टे यात तिसरा पक्ष म्हणून उभे राहिले. फर्मवेअरमधल्या जीपीएलखालच्या भागांत बदल करायला कंपनी मनाई करू शकत नाही, असा निकाल लागला. ज्याने राउटर विकत घेतला त्याच्या हक्काला न्यायालयात आधार मिळाला, आणि तोही ज्याने कोड लिहिला त्याने हट्ट धरला म्हणून.

या हक्काचे फळ फक्त श्रीमंत देशांतल्या हौशी लोकांना मिळाले असेही नाही. बर्लिनच्या फ्रायफुंक चळवळीने गच्च्यांवर, खिडक्यांत राउटर लावून शेजाऱ्याशेजाऱ्यांचे बिनतारी जाळे विणले. त्यासाठी राउटरना एकमेकांत वाट शोधता यावी लागते, आणि तसा प्रोग्राम ओपनडब्ल्यूआरटीवर आधारलेल्या फर्मवेअरमुळेच स्वस्त पेटीत घालता आला. भारतात २००५ च्या सुरुवातीला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेर वापरण्यासाठी परवानामुक्त झाला, आणि लगेच फेब्रुवारीत हिमाचलमधल्या धरमशाला इथे असेच सामुदायिक जाळे उभे राहिले. डोंगरउतारावर विखुरलेल्या शाळा, संस्था आणि कार्यालये त्याने जोडली. या जाळ्यात लिंकसिसचा हाच राउटर उघड्यावर टिकेल असे बदल करून वापरला होता. महागडी दूरसंचार यंत्रणा परवडत नसलेल्या ठिकाणी घरगुती राउटरला दूरसंचाराचे काम शिकवता आले, ते तो बदलता येत होता म्हणून. बंद फर्मवेअर असता तर कंपनीला त्या डोंगरासाठी वेगळे उत्पादन काढण्यात काहीच रस नसता.

दुसरा आक्षेप असा की, फर्मवेअर बदलणारे शेकड्यात एखादे. मग उरलेल्यांना या हक्काचा काय उपयोग? याचे उत्तर म्हणून एकच उदाहरण पुरेसे आहे. कोणी मोठी फाइल वर चढवू लागले की घरातल्या दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, हा अनुभव घरोघरचा आहे. जिम गेटिस यांनी २०१०-११ मध्ये दाखवून दिले की, मोडेम-राउटरमधल्या अवाजवी मोठ्या बफरमध्ये पॅकेटांची रांग साचते आणि सगळ्यांनाच ताटकळावे लागते. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ही रांग आटोक्यात ठेवण्याची कोडेल ही पद्धत मांडली, आणि त्याच वर्षी तिचे एफक्यू-कोडेल हे सुधारित रूप लिनक्स कर्नलमध्ये आले. या पद्धती खऱ्या घरांतल्या खऱ्या राउटरवर तपासण्यासाठी डेव्ह टाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपनडब्ल्यूआरटीवरून सेरोडब्ल्यूआरटी ही प्रणाली तयार केली. तिथे कसाला उतरलेले काम पुढे केक या नावाने २०१८ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आले. आज ज्याने आयुष्यात फर्मवेअर बदललेले नाही, त्याच्याही लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रात या संशोधनाचा अंश असतो. बदलता येणारा राउटर नसता तर प्रयोगशाळेबाहेर हे तपासायला जागाच नव्हती. थोड्यांनी वापरलेला हक्क पुष्कळांच्या कामी येतो, तो असा.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. राउटर रेडिओ लहरी सोडतो. कोणीही प्रोग्राम बदलून शक्ती वाढवली किंवा नको त्या पट्ट्यात शिरला, तर विमानतळांजवळच्या हवामान रडारलाही अडथळा येऊ शकतो. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये उत्पादकांना दिलेल्या मार्गदर्शनात डीडी-डब्ल्यूआरटीचे नाव घेऊन विचारले होते की, असे फर्मवेअर बसवण्यापासून तुम्ही ग्राहकाला कसे रोखणार? त्यावर डेव्ह टाट आणि इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ यांच्यासह अडीचशेहून अधिक जाणकारांनी आयोगाला लिहिले की, राउटर कुलूपबंद करणे हा उपाय नाही, त्याने सुरक्षितता घटेलच. आयोगाने त्या वर्षाच्या अखेरीस खुलासा केला, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकबरोबरच्या तडजोडीत दोन लाख डॉलर दंडाबरोबर त्या कंपनीने बाहेरचे फर्मवेअर बसवता येण्यासाठी प्रयत्न करावेत अशी अटही घातली. लहरींचे नियम पाळलेच पाहिजेत. पण त्यासाठी रेडिओच्या मर्यादा जपल्या म्हणजे झाले, सगळ्या यंत्राला कुलूप घालण्याची गरज नाही. सुरक्षिततेचे खरे संकट कोणत्या बाजूने येते हे २०१८ मध्ये दिसले. व्हीपीएनफिल्टर या घातक प्रोग्रामने किमान ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणे, मुख्यतः घरचे आणि छोट्या कार्यालयांचे राउटर, ताब्यात घेतली होती. जुने, दुरुस्त न केलेले फर्मवेअर हे अशा हल्ल्यांचे खुले कुरण असते. मुक्त फर्मवेअर बसवले की सगळे भय टळले, असे नाही. बसवून विसरून जाणाऱ्याचा राउटरही तितकाच उघडा पडतो. पण कंपनीने साथ सोडल्यावर दुरुस्तीची वाट शिल्लक राहते ती फक्त बदलता येणाऱ्या राउटरवर.

या इतिहासातला कच्चा दुवाही मोकळेपणाने सांगायला हवा. जीपीएलची दुसरी आवृत्ती सोर्स कोड मिळवून देते. पण उत्पादकाने सही तपासणारे कुलूप बसवले तर बदललेला कोड यंत्रात घालण्याचा मार्ग अडतो. २००७ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती उपकरणांसाठी बसवण्याची माहितीही द्यावी अशी स्पष्ट अट घातली, पण लिनक्स कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले. त्यामुळे वाद आता स्क्रिप्टपाशी, बूटलोडरपाशी, सहीपाशी येऊन ठेपला आहे. २००३ मध्ये सैल राहिलेली पिंगच्या पानासारखी भोके बुजवणे योग्यच होते. पण त्यांच्या जागी मालकासाठी अधिकृत दार ठेवणे मात्र उत्पादकांनी टाळले. याला एक विधायक उत्तर नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या कार्यकर्त्यांनी बनाना पाय या उत्पादकाच्या साथीने ओपनडब्ल्यूआरटी वन हा राउटर काढला. त्यात १ जीबी रॅम आहे, १२८ एमबीची मुख्य फ्लॅश आहे, आणि सावरण्यासाठी १६ एमबीची दुसरी, वेगळी फ्लॅश आहे. मुख्य प्रणाली बिघडली तरी एक कळ सरकवून दुसऱ्या फ्लॅशवरून यंत्र उठवता येते. वीस वर्षांपूर्वी बूट_वेटची जी युक्ती चोरवाटेने साधावी लागे, ती इथे मांडणीतच आहे.

महाराष्ट्रातल्या घरांसाठी यातून काय घ्यायचे? फायबर देणारा आपल्याबरोबर जी पेटी देतो ती बहुधा त्याचीच असते आणि ती बदलू देत नाही. तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. ती ब्रिज मोडमध्ये टाकून द्यायला सांगावी, म्हणजे तिचे काम फक्त फायबरचे संदेश उतरवण्यापुरते उरते, आणि तिच्यामागे स्वतःचा राउटर लावावा. तो घेताना अँटेनांची संख्या आणि खोक्यावरचे वेगाचे आकडे पाहण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या उपकरणांच्या यादीत नेमके ते मॉडेल आणि नेमकी ती हार्डवेअर आवृत्ती आहे का, ते पाहावे. पाचव्या आवृत्तीचा धडा हाच आहे की, खोक्यावर नाव तेच असले तरी आतला माल बदललेला असू शकतो. फ्लॅश किमान १६ एमबी आणि रॅम १२८ एमबी असावी. वायफाय चिप ब्रॉडकॉमची असेल तर तिच्यासाठी मुक्त आधार तोकडा असतो, म्हणून मीडियाटेक किंवा क्वालकॉमची पाहावी. बसवल्यावर पहिल्या दिवशीच व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा, बाहेरून व्यवस्थापन बंद आहे याची खात्री करावी, आणि कॉल अडखळत असतील तर रांग आवरणारे एसक्यूएम चालू करावे. घरचा फोटोंचा किंवा फाइलींचा सर्व्हर बाहेरून गाठायचा असेल तर आधी राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या मालिकेत असेल तर सेवा देणाऱ्याने अनेक घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेली आहेत आणि नुसते पोर्ट उघडून काम होणार नाही. मग आयपीव्ही६ किंवा भाड्याच्या छोट्या सर्व्हरवरून वायरगार्डचा बोगदा, हे मार्ग उरतात.

राउटर बदलता येण्याचा हक्क या सगळ्या कहाणीत कोणी आपणहून दिलेला नाही. कोणी फाइल उघडून पाहिली, कोणी अट वाचून दाखवली, कोणी न्यायालयात उभे राहिले, कोणी कोड बांधत राहिले. ग्राहकाच्या हाती यातले सर्वांत सोपे काम आहे. विकत घेण्याआधी विक्रेत्याला विचारायचे की, यातला प्रोग्राम मला बदलता येईल का, आणि त्याचा सोर्स कोड कुठे मिळेल. उत्तर नकारार्थी आले तर दुसरा राउटर घ्यायचा. हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला नाही, तर परवान्यातली अट कागदावर राहील आणि पेट्या एकेक करून बंद होत जातील. विचारला, तर विक्रेत्याला तो माल ठेवावाच लागेल, जसा एकदा ठेवावा लागला होता.